चाळिसावं खोकं

सकाळी साडेदहाला लहरीकाका तपासणीच्या खोलीतून बाहेर पडले की पॅकिंगच्या हॉलमधले सगळे हात आपोआप सावकाश चालायला लागत. काका मधोमध येऊन उभे राहत, हात पाठीशी बांधत आणि डोळे अर्धवट मिटत. समोर एक लॉट, म्हणजे चाळीस खोकी, दहादहाच्या चार रांगांत मांडलेली असत आणि प्रत्येकावर काळ्या शाईत त्याचा आकडा. मिनिटभर काहीच होत नसे. मग काका डोळे उघडून एका दमात सांगत, "सतरा! चौतीस! पाच! तेवीस! बारा!" आणि ती पाच खोकी उचलून त्यांच्या टेबलाकडे जात.

कारखाना प्रेशर कुकरच्या सेफ्टी व्हॉल्व्हचा होता. बोटाच्या पेराएवढा पितळी तुकडा, मधोमध मऊ धातूचा ठिपका. कुकरमधलं पाणी आटलं आणि तो नको तितका तापला, की हा ठिपका वितळतो, वाफ फस्सकन निघून जाते आणि स्वयंपाकघरातली माणसं शाबूत राहतात. आता ठिपका वेळेवर वितळतो की नाही हे बघायचं तर तो वितळवूनच बघावा लागतो, आणि वितळला की तो व्हॉल्व्ह कामातून गेला. सगळेच तपासले तर विकायला काय, रिकाम्या टोपल्या न्यायच्या? म्हणून चाळीसातली पाच खोकी, प्रत्येकातले दहा व्हॉल्व्ह. काका ते कढईतल्या तेलात सोडत आणि थर्मामीटरवर डोळा ठेवत. पन्नासच्या पन्नास ठिपके तांबड्या रेघेच्या आत वितळले की लॉटवर काकांची सही पडे. ती सही तीस वर्षं पडत होती.

काका कुठली खोकी उघडणार हे कोणालाही ओळखता येत नसे. पाचही आकडे आधी सांगेल त्याला सगळ्यांनी महिनाभर चहा पाजायचा, अशी हॉलमध्ये जुनी पैज होती, आणि तो चहा अजून कोणाच्या घशाखाली उतरला नव्हता. लहरीकाका हे नाव त्यावरूनच पडलेलं. दुसरा एखादा चिडला असता. काका मात्र ते नाव पदवीसारखं मिरवत. "माझ्या डोक्यात काय चाललंय ते तुम्हाला नाही कळायचं," असं ते मिशीला पीळ देत म्हणत, आणि म्हणताना छाती चांगली दोन इंच फुगे. माणसाने असावं तरी किती गर्विष्ठ, असं एखाद्याला वाटलं असतं. पण तीस वर्षांत एकही व्हॉल्व्ह बिघडल्याची तक्रार आली नव्हती, तेव्हा फुगू द्यावी माणसाने छाती.

काका महिनाअखेरीला निवृत्त व्हायचे होते आणि त्यांच्या जागी त्यांचीच लेक येणार होती. वशिला नव्हता बरं का. अर्ज बावीस आले होते, परीक्षा मॅनेजरसाहेबांनी घेतली होती, आणि निकाल लागला त्या दिवशी काका वाटेत भेटेल त्याला थांबवून सांगत होते, अगदी ज्याने विचारलं नाही त्यालाही. लेक संख्याशास्त्र शिकलेली, वय सव्वीस, पण घरात तिला अजून चिमणीच म्हणत. शेवटचा महिना तिने बापाच्या हाताखाली काम शिकायचं ठरलं होतं.

पहिल्याच दिवशी तिने पिशवीतून दोन फासे काढून टेबलावर ठेवले. दहा-दहा बाजूंचे, एक पांढरा आणि एक निळा.

"हे काय?" काकांनी विचारलं.

"फासे. पांढरा दशकाचा, निळा एककाचा. दोन्हींवर शून्य किंवा चाळीसच्या वरचा आकडा आला की पुन्हा टाकायचा. खोकी निवडायला."

"म्हणजे तीस वर्षं मुरलेल्या माझ्या डोक्यापेक्षा ह्या प्लॅस्टिकच्या दाण्यांना जास्त अक्कल?"

"त्यांना अजिबात अक्कल नाही, बाबा. म्हणून तर आणलेत."

काकांनी फासे उचलून खणात टाकले आणि खण असा लोटला की वरचा पेला हलला. लेक नुसती हसली. तिचं ते हसणं काकांना जास्त झोंबलं.

दुसऱ्या आठवड्यात एक पाकीट आलं. आत एक व्हॉल्व्ह, खोक्याच्या झाकणाचा फाडलेला तुकडा आणि एका बाईंचं पत्र. त्यांनी लिहिलं होतं, 'कुकर कोरडा पडून लाल झाला, झाकण वाकलं, पण तुमचा व्हॉल्व्ह ढिम्म हलला नाही. मी आणि सून कपडे वाळत घालायला बाहेर गेलो होतो म्हणून आज हे पत्र लिहिते आहे.' झाकणाच्या तुकड्यावर लॉटचा क्रमांक होता आणि खोक्याचा आकडा, चाळीस.

काकांनी व्हॉल्व्ह तेलात सोडला. पारा तांबड्या रेघेला टेकला, रेघ ओलांडून वर गेला, आणखी वर गेला. ठिपका तसाच. त्यांनी रजिस्टर काढलं. त्या लॉटची पाच खोकी उघडलेली, पन्नासच्या पन्नास पास, खाली त्यांची सही. अक्षर सुरेख होतं.

"तीस वर्षांत एक," मॅनेजरसाहेब म्हणाले. "ह्याला अपघात म्हणतात, काका. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

पण मनाला लागलंच. त्या दिवशी काका जेवणाच्या ताटावरून अर्धपोटी उठले. लेकीने हात धुता धुता विचारलं, "बाबा, ह्या वर्षाचं रजिस्टर मी दोन दिवस बघू?"

"बघ की. दहा वेळा बघ," काका म्हणाले. "खाडाखोड सापडली तर सांग."

खाडाखोड नव्हतीच. लेकीने दोन दिवस आलेखाच्या कागदावर टिंबं मांडली आणि मग एक विचित्र मागणी केली. पुढच्या तीन लॉटना काकांनी नेहमीसारखी निवड करायची. ती दर वेळी आधी एक चिठ्ठी लिहून, पाकीट डकवून, आईकडे देणार. काकांना आनंदच झाला. पोरगी ओळखायला निघाली होती! त्यांनी त्या आठवड्यात जास्तच जोर लावला. दोन मिनिटं डोळे मिटले, एकदा तर आकडा ओठांवर आणून बदलला. सत्तावीस म्हणता म्हणता तेरा म्हणाले आणि स्वतःवरच खूश झाले.

शनिवारी दुपारी जेवणं झाल्यावर काकूंनी तिन्ही पाकिटं टेबलावर ठेवली. चष्मा शोधण्यात पाच मिनिटं गेली. तो त्यांच्या कपाळावरच होता. मग त्यांनी पहिली चिठ्ठी वाचली.

"'एक, दोन, दहा, वीस, तीस, एकोणचाळीस, चाळीस. ह्यातलं एकही खोकं बाबा उघडणार नाहीत. शेजारशेजारची दोन खोकीही उघडणार नाहीत.'" त्यांनी दुसरी फोडली. "तेच लिहिलंय." तिसरी फोडली. "हेही तेच. अगं, एकदाच लिहायचं ना, कागद वाचला असता."

काकांनी मनातल्या मनात तिन्ही लॉट पुन्हा मोजले. एक नाही, दहा नाही, वीस नाही. शेजारशेजारची नाहीत. त्यांचा चेहरा उतरला.

लेकीने आलेख उलगडला. वर्षभराचे दीडशे लॉट, साडेसातशे निवडी. सतरावर टिंबांचा मनोरा, तेविसावर त्याहून थोडा ठेंगणा. दहा, वीस, तीसवर चारदोन टिंबं. एक आणि चाळीसच्या घरात कागद कोरा होता.

"बाबा, साडेसातशे वेळा फासे टाकले असते तर प्रत्येक आकडा अठराएकोणीस वेळा आला असता, थोडं इकडेतिकडे. आणि शंभरातल्या चाळीसेक लॉटमध्ये तरी दोन शेजारची खोकी निघाली असती. तुमच्या अख्ख्या वर्षात एकदाही नाही."

"शेजारची दोन कशाला उघडायची? एक उघडलं की दुसऱ्याचं कळतंच."

"आणि चाळीस?"

"पहिलं आणि शेवटचं कोणीही शेंबडं पोर उघडेल!" काका उसळले. "त्यात काय डोकं लागतं?"

"तेच म्हणते मी. तुम्ही कुठलं उघडाल हे मला आजही सांगता येणार नाही. कुठलं उघडणार नाही, ते मात्र कोणीही सांगेल. ओळखता न येणं वेगळं, बाबा, आणि चाळीसही खोक्यांना सारखा वाव असणं वेगळं. पहिलं तुमच्यासारखं कोणाला जमायचं नाही. पण दुसरं माणसाला जमतच नाही, मलाही नाही. मी डोक्याने आकडे निवडून पाहिले, तर माझा सदतीसवर मनोरा झाला."

"मला तर हे केव्हाचं ठाऊक आहे," काकू म्हणाल्या. "अहो, दुकानात फळीवरची पहिली वस्तू तुम्ही कधी उचलता का? मागे हात घालून तिसरी काढता. चौतीस वर्षं बघतेय."

काका उठून खिडकीपाशी गेले. राग आला होता, आणि लाजही वाटत होती. पण त्या दोन्हींच्या खाली आणखी काहीतरी होतं, ते त्यांना जरा उशिरा उमगलं. त्यांच्या तीस वर्षांत त्यांची चूक कोणी पकडली नव्हती. पकडली ती त्यांच्याच चिमणीने, आणि हॉलमध्ये चारचौघांत नाही, घरच्या टेबलावर. डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी खिडकीच्या काचेवर ढकललं. "काचा केवढ्या मळल्यात," असं काहीतरी ते पुटपुटले.

सोमवारी कामगार यायच्या आधीच काका हॉलमध्ये होते. तयार लॉट रांगेत उभा होता. त्यांनी ना हात पाठीशी बांधले ना डोळे मिटले. सरळ कोपऱ्यात गेले आणि चाळिसावं खोकं स्वतः उचलून आणलं. दहा व्हॉल्व्ह तेलात गेले. पारा रेघेला टेकला तेव्हा सहा वितळले होते. चार तसेच राहिले.

एकोणचाळीस काढलं, सगळे पास. अडतीस पास. पहिलं खोकंही पास. पुन्हा चाळिसाव्यातले दहा घेतले, तीन नापास. लेक शेजारी उभी राहून लिहीत होती. तिच्या तोंडून 'बघा, मी सांगत होते' असा अर्धा शब्दही निघाला नाही.

ठिपक्यांचा धातू वितळवणारा भट्टीवाला आला तेव्हा काकांनी त्याला खुर्ची दिली. भट्टीवाल्याला कोणी खुर्ची देत नसे, त्यामुळे तो आधीच घाबरला.

"धातूच्या भांड्यात काही बदल केलास?" काकांनी विचारलं.

"मी कशाला करतोय? आठ महिन्यांमागे नवं भांडं आलं ना, ते खोल आहे. एक भांडं, एक लॉट. जुन्या उथळ भांड्यात तळापर्यंत ढवळता यायचं. ह्याच्यात पळी तळाला पोचत नाही. मी बोललो होतो, पण वरचे म्हणाले, चालतंय ना, चालू दे."

गोम तिथे होती. धातूतला जड भाग तळाशी बसत होता. भांड्यातला वरचा धातू पहिल्या खोक्यात जाई आणि तळाचा, जाडाभरडा, उशिरा वितळणारा, दर लॉटला चाळिसाव्यात. आठ महिने, एकशे तीन लॉट. प्रत्येक लॉटमधलं एकच खोकं वाईट, आणि बरोब्बर तेच खोकं काकांनी कधी उघडायचं नाही असं ठरवलेलं. ठरवलेलं कसलं, ठरवलंय हे त्यांचं त्यांनाही माहीत नव्हतं.

मॅनेजरसाहेबांनी सगळं ऐकून दार लावून घेतलं. माणूस वाईट नव्हता. फक्त त्यांना प्रत्येक गोष्ट शांततेत मिटायला हवी असे.

"भांडं आजच बदलू," ते म्हणाले. "पण बाहेर गेलेल्या मालाचा गाजावाजा नको. इतक्या महिन्यांत एकच तक्रार आहे आणि कोणाला इजाही झालेली नाही. काका, तुमचा निरोपसमारंभ आहे. पाटी कोरून आलीय, ही बघा." त्यांनी कपाटातून पितळी पाटी काढली. तीस वर्षं, एकही सदोष नग नाही, असं तीवर झोकदार अक्षरांत लिहिलं होतं. "माल परत बोलावला तर ही पाटी कशी देऊ? तुमचंच नाव खराब होईल."

काकांनी पाटी हातात घेतली. सुंदर होती. खरं सांगायचं तर तशी पाटी दिवाणखान्यात कुठल्या भिंतीवर लावायची हे त्यांनी वर्षभर आधीच ठरवून ठेवलं होतं. खिळासुद्धा ठोकला होता. त्यांनी ती टेबलावर पालथी ठेवली.

"साहेब, नाव माझं आहे म्हणूनच म्हणतो. त्या बाई कपडे वाळत घालायला गेल्या होत्या. दुसरी एखादी कुकरपाशीच उभी असेल. एकशे तीन खोक्यांवर माझी सही आहे आणि ती मी न बघता केली आहे. ती खोकी परत आल्याशिवाय मी ह्या दारातून निरोप घेऊन जाणार नाही. पत्र मी लिहितो, माझ्या नावाने."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर पत्र तरीही जाईल. तिकिटं माझ्या खर्चाने."

मॅनेजरसाहेबांनी पाटी उचलून कपाटात ठेवली आणि कागदांचा गठ्ठा पुढे सरकवला. "कारखान्याच्या कागदावर लिहा," ते म्हणाले. "तिकिटंही कारखान्याचीच लावा. उगाच मला लाजवू नका."

पत्र साधं होतं. 'ह्या लॉटवर सही माझी आहे. त्यातलं चाळिसावं खोकं मी तपासलं नव्हतं, आणि त्यातले व्हॉल्व्ह भरवशाचे नाहीत. ते परत पाठवा. विकले गेले असतील तर गिऱ्हाइकाला गाठून सांगा. बदली नग आम्ही घरपोच देऊ.' त्या बाईंना त्यांनी वेगळं लिहिलं आणि सोबत आपल्या हाताने तपासलेल्या लॉटमधला नवा व्हॉल्व्ह पाठवला.

मग खोकी यायला लागली. रोज सातआठ, कधी बारा, एका दिवशी चक्क एकवीस. काही फोडलेली, काही अर्धी रिकामी, पण प्रत्येकावर तोच आकडा. दुकानदारांना फोन करून करून लेकीचा घसा बसला. पॅकिंगच्या मावशींनी हॉलच्या एका भिंतीला जागा करून दिली आणि तिथे खोक्यांची रास छातीच्या वर गेली. काका येताजाता तिच्याकडे बघत. आधी मान खाली घालून बघायचे. पण रास जसजशी वाढली तसतशी त्यांची मान वर आली. दिवाणखान्यात लावायच्या त्या पाटीपेक्षा ही रास त्यांना खरी वाटायला लागली होती. ह्यातलं एकेक खोकं म्हणजे एकेका रस्त्यावरची कितीतरी स्वयंपाकघरं, आणि ती आता बिनधोक होती. त्यांना अभिमान वाटला. तीस वर्षं वाटत होता तसा नाही; ह्या अभिमानाला कोणाची वाहवा लागत नव्हती.

शेवटच्या दिवशी एकशे एक खोकी परत आली होती आणि उरलेली दोन वाटेत होती. मॅनेजरसाहेबांचं भाषण लांबलं, मावशींनी डोळे पुसले, भट्टीवाल्याने नवी लांब पळी तलवारीसारखी उंच करून दाखवली. "पाटी तर तुम्ही घेत नाही," मॅनेजरसाहेब म्हणाले. "मग काय देऊ?"

"आजचा लॉट राहिलाय," काका म्हणाले. "तो मला निवडू द्या."

लगेच कुजबुज सुरू झाली. तीस वर्षांची पैज, शेवटची संधी. कागदाच्या कपट्यांवर आकडे लिहिले गेले. काका मधोमध येऊन उभे राहिले आणि सवयीने हात पाठीशी गेले. मग त्यांनी ते सोडवले, खिशातून दोन फासे काढले, आणि लेकीकडे हात केला. तिने घरून आणलेली स्टीलची वाटी पुढे धरली.

खणखण आवाज झाला. "सतरा," लेकीने वाचलं. हॉल हसला, फासेसुद्धा काकांचेच निघाले! दुसरा आला अठरा.

"सतराला लागून अठरा?" मावशी म्हणाल्या. "काका, शेजारचं कशाला? पुन्हा टाका."

"नाही. दोन्ही उघडायची," काका म्हणाले.

मग सहा आला. त्यानंतर पुन्हा अठरा. "फासा बिघडला!" कोणीतरी ओरडलं.

"बिघडला नाही," काका म्हणाले. "मघाशी अठरा दिलं होतं हे त्याला आठवत नाही. आठवणारा मी होतो, तेच चुकत होतं." अठरा आधीच घेतलं होतं म्हणून त्यांनी पुन्हा टाकले, आणि एकोणतीस आला.

आता एकच आकडा उरला होता. काकांनी फासे ओंजळीत घेऊन हलवले. कोपऱ्यात चाळिसावं खोकं इतरांसारखंच उभं होतं. आज तेही निघू शकत होतं, पहिलंही निघू शकत होतं, किंवा दोन्हींपैकी कुठलंच नाही. लेक बापाकडे बघत होती आणि तिच्या नजरेत काय आहे हे ओळखायला काकांना काही डोकं चालवावं लागलं नाही.

"काका, शेवटचं तरी आधी सांगा!" भट्टीवाला ओरडला. "कुठलं उघडणार?"

लहरीकाकांनी मिशीला पीळ दिला. छाती चांगली दोन इंच फुगली.

"मला तरी कुठे ठाऊक आहे!" ते म्हणाले, आणि त्यांनी फासे टाकले.